मोगऱ्याची तहान

एका गावात एक मोगरा होता आणि त्या मोगऱ्याच्या मालकीची एक सासू होती. लोक उलटं सांगत, सासूच्या मालकीचा मोगरा म्हणून. पण त्या घरात चार दिवस पाहुणा राहिलेल्या माणसाला विचारा. पहाटे उठून सासू आधी कुणाचं तोंड बघायची? देवाचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच नाही. मोगऱ्याचं.

मोगरे गावात पुष्कळ होते. पण चैत्रात तिजेला देवळातली गौर झोपाळ्यावर बसायची, तेव्हा बाकीचे मोगरे अजून जांभया देत असत आणि हा एकटा नाहूनमाखून पांढराशुभ्र तयार असे. त्यामुळे झोपाळ्याच्या दोऱ्यांना माळा गुंडाळायच्या त्या याच मोगऱ्याच्या, असा गावाचा रिवाजच पडून गेला होता. बायका म्हणत, हिच्या हाताला यश आहे. सासू म्हणे, कसलं यश, झाडच गुणी आहे मेलं. असं म्हणून दोन्ही हात हळूच पदराखाली घेई, दृष्ट नको लागायला.

अशा घरात मार्गशीर्षात एक सून आली. तिचं नाव वेणू. नवराही होता तिला, पण तो दिवसभर शेतावर असायचा आणि या गोष्टीत त्याचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा त्याला तिकडेच राहू द्या.

वेणूचं माहेर नदीकाठचं. तिथं पाण्याला तोटा नव्हता. दारातून जाणाऱ्याला आधी पाणी, मग नावगाव, अशी तिच्या आईची शिकवण. माणूस असो, कुत्रं असो, नाहीतर कुंडीतली तुळस. तहानलेल्याला नाही म्हणू नये. पोरगी हे शिकून सासरी आली. सासरी विहीर होती, पाणी होतं, माणसंही वाईट नव्हती. फक्त घर नवं होतं. दुपार झाली, घर निजलं, की तिला नदीवरचा वारा आठवायचा आणि ताटातली भाकरी तशीच राहायची. नव्या सुनेला असं होतंच. ज्यांच्या घरी सून आहे त्यांनी मुकाट्यानं माना हलवाव्यात.

वसंतपंचमी झाली आणि सासूच्या अंगात साफसफाईचं वारं आलं. पाडवा अजून कुठल्या कुठे, पण तिचं गणित वेगळं होतं. घर लहान, पण तिला दिसणारी घाण फार मोठी. बांबूला केरसुणी बांधून तिनं आढ्याची जाळी उतरवली. कोळी बिचारे सहकुटुंब गोठ्यात राहायला गेले. गोधड्या ओढ्यावर निघाल्या, डाळी उन्हात पसरल्या, तांब्याची भांडी चिंचेनं घासघासून अशी लखलखीत केली की मांजर त्यात तोंड बघून दचकलं. वेणू मागे मागे. हे धर, ते झटक, तिकडे शेण कालव, इकडे सारव. दिवस मावळेपर्यंत पोरीच्या कोपरापर्यंत शेणाचा हात.

सासऱ्यांचं दुःख वेगळं होतं. त्यांचा माळा होता. माळ्यावर मोडक्या छत्रीच्या काड्या, डबे हरवलेली झाकणं, तीन पायांचा पाट, असं सगळं "कधीतरी उपयोगी पडेल" या आशेवर साठलेलं. हसू नका, तुमच्याही माळ्यावर काय आहे ते गावाला ठाऊक आहे. सासू दर वर्षी ते उकिरड्यावर टाकायची आणि सासरे दर वर्षी संध्याकाळी फिरायला म्हणून जाऊन ते परत आणायचे. दोघांनाही हे माहीत होतं. संसार असाच चालतो.

घर झालं तशी सासू अंगणाकडे वळली. वाळला पाला गोळा केला, दुधीच्या नव्या बियांसाठी आळी केली, अळवाची गर्दी विरळ केली. मग कात्री घेऊन मोगऱ्याशी बसली आणि वेणूच्या डोळ्यांदेखत तिनं त्याच्या फांद्या छाटल्या. राहिलेल्या फांद्यांची पानं एक एक करून ओरबाडली. बुंध्याभोवतीची माती उकरली, मुळं उघडी केली आणि उन्हात तशीच सोडली. हिरवागार मोगरा बघता बघता काटक्यांची मोळी झाला.

"आता याला थेंबभर पाणी घालायचं नाही," सासू म्हणाली. "मी सांगेन तोवर नाही."

"का, आत्याबाई?" वेणूनं विचारलं. त्या गावी सासूला आत्याबाई म्हणायची रीत होती.

"सांगितलं तेवढं कर."

झालं. सासू काही दुष्ट नव्हती. पण जे काम हात वर्षानुवर्षं करतात, त्याचं कारण तोंडाला सांगता येईनासं होतं. आणि खरं सांगायचं तर कारण सांगत बसायला तिला वेळही नव्हता, परातीला एक डाग राहिला होता.

वेणू रोज जाता येता मोगरा बघायची. उघडी मुळं उन्हानं पांढुरकी पडत चालली होती. तिला वाटायचं, यालाही कुणी असंच उपटून नव्या उन्हात आणून ठेवलंय. वर पाणी नाही. याची आई असती तर? झाडाला आई नसते हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं.

एके दुपारी सासू जेवून ओटीवर लवंडली. सासरे तर केव्हाचेच घोरत होते. वेणूनं सकाळी बाजूला ठेवलेलं तांदळाचं धुवण तांब्यात घेतलं, दार न वाजवता बाहेर आली आणि मोगऱ्याच्या मुळाशी हळूहळू ओतलं. मातीनं ते गटागटा पिऊन टाकलं. पोरीच्या पोटात थंड वाटलं, जणू तिनंच पाणी प्यायलं होतं.

मग ती ओली माती दिसू नये म्हणून तिनं वर कोरडी धूळ भुरभुरवली आणि केरसुणीनं पावलं पुसून टाकली. साफसफाई तिला सासूनंच शिकवली होती ना, आणि शिकवलेलं कधी वाया जात नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. दुपारची ती वेळ वेणूला दिवसात सगळ्यांत आवडू लागली. धुवण ओतता ओतता ती मोगऱ्याला माहेरच्या गोष्टी सांगायची, नदीच्या, आईच्या, धाकट्या बहिणीच्या खोड्यांच्या. मोगरा मन लावून ऐकायचा. झाडाला मध्येच उठून जायची सोय नसते.

पुढे सासूनं खत घातलं, माती ओढली आणि स्वतःच्या हातानं पाणी सुरू केलं. पण त्याच्या आधीच मोगऱ्याला धुमारे फुटले होते. सासूनं भुवई चढवली. यंदा घाई आहे स्वारीला, एवढंच म्हणाली. फाल्गुन निम्मा झाला तेव्हा मोगरा असा तरारला की येणारेजाणारे थांबून बघत. पान न् पान तळहाताएवढं, तेल लावल्यासारखं. वेणू मनात म्हणे, बघा, मी होते म्हणून वाचला.

होळी झाली. शिमगा सरला. पाडव्याची गुढी उभी राहिली. मोगऱ्यावर पानं होती, पानांवर पानं होती. कळी नव्हती.

सासू पहाटे उठून फांद्या उलट्या करून बघायची. मग दुपारी बघायची. मग दिवा लावायच्या आधी एकदा. आधी तिनं सासऱ्यांना धरलं. तुम्ही चूळ भरायला तिथं गेला होतात का, राख टाकलीत का, काही केलंत का? सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा खरोखर काही केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना उत्तरच सुचेना.

तिजेच्या आधी शेजारच्या गोदाकाकू डोकावल्या. या गोदाकाकूंचाही एक मोगरा होता, दर वर्षी उशिरा फुलणारा, आणि त्यावरून त्यांनी आजवर फार ऐकून घेतलं होतं. तेव्हा त्या हळहळायलाच आल्या होत्या, पण पायात उत्साह होता. त्यांनी झाडाला प्रदक्षिणा घातली, पानं चाचपली आणि म्हणाल्या, नुसता पाल्याला गेलाय गं. पाणी नीट तोडलं होतंस ना? ताण बसला नाही की मोगरा असाच माजतो, फुलायचं विसरतो.

"थेंब घातला नव्हता," सासू म्हणाली.

"सुनेनं?"

"ती? अगं, ती विचारल्याशिवाय स्वतः पाणी पीत नाही, झाडाला कुठलं घालतेय."

उंबऱ्याच्या आत वेणू तांदूळ निवडत बसली होती. तिच्या हातातला खडा तांदळातच पडला आणि चांगला तांदूळ तिनं बाहेर टाकला. आता तिला सगळं कळलं. ज्याला आपण वाचवलं म्हणत होतो, त्याला आपणच बुडवलं.

बोलावं का? पोरगी विचार करत राहिली. कुणी बघितलं नव्हतं. मोगरा काही चुगली करणार नव्हता. आत्ताशी कुठे सासू तिच्या हातची आमटी नावं न ठेवता जेवू लागली होती. एवढ्यात सांगायचं की तुम्ही नको म्हणालात ते मी रोज, झाकून, पावलं पुसून केलं? मग या घरात तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? पुढच्या वर्षी नाही घालायचं पाणी, म्हणजे झालं. असं तिनं मनाला समजावलं आणि गप्प राहिली. मनही काही वेळ गप्प राहिलं.

पण सासूचं भलतंच सुरू झालं. त्या संध्याकाळी तिनं दूध तापवलं आणि विरजण लावायची वाटी वेणूपुढे सरकवली. तूच लाव, म्हणाली, माझ्या हातचं लागायचं नाही आता. सकाळी कैरीचं लोणचं घालायचं होतं, मीठही वेणूकडूनच घालून घेतलं. देवघराच्या कोनाड्यात कोळ्यानं नवं जाळं विणलं होतं, अगदी डोळ्यांसमोर. सासूनं ते पाहिलं आणि तशीच पुढे गेली.

सासरे घाबरले. बायको रागावली तर त्यांना सवय होती, पण बायको जाळं बघून गप्प राहिली हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपणहून माळ्यावरचा तीन पायांचा पाट खाली आणला आणि तिच्यापुढे ठेवला, म्हणाले, टाक उकिरड्यावर. तिनं पाटाकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "म्हातारं झालं म्हणून टाकायचं नसतं." मग स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत राहिली. "हात गेला हो माझा."

वेणू चुलीशी होती. फुंकणी तोंडाशी तशीच राहिली आणि डोळ्यांत धूर गेला, असं तिनं म्हटलं. चूल तेव्हा पेटलेली नव्हती.

तिजेची सकाळ उजाडली. सासूनं कात्री पुसून गोदाकाकूंना हाक मारली. वेणू अंगण झाडत होती. सासू कात्री पुढे करून म्हणाली, यंदापासून गौरीचा झोपाळा तुझ्याकडे. तुझा फुलेल तेव्हा फुलेल, पण फुलतो तरी. आणि दुपारी गड्याला पाठव, हा मोगरा काढून टाकू दे. रोज तोंड बघवत नाही मला त्याचं.

गोदाकाकूंनी कात्रीला हात लावला आणि वेणूच्या हातून केरसुणी पडली.

"आत्याबाई, झाड काढू नका. मी पाणी घातलं त्याला."

सासूनं वळून बघितलं. "कधी?"

"तुम्ही पानं काढल्यावर. रोज दुपारी, तुम्ही लवंडलात की."

"काय घातलंस?"

"तांदळाचं धुवण. तांब्याभर." वेणूचा आवाज आता ऐकू येईना इतका बारीक झाला. "मला वाटलं, तहान लागली असेल."

गोदाकाकूंनी पदर तोंडाला लावला. आता जे फटाके फुटणार होते ते जवळून बघायला मिळावेत म्हणून त्या एक पाऊल पुढेही सरकल्या. सासू पायरीवर मटकन बसली.

"धुवण," ती म्हणाली. "रोज. तांब्याभर." तिचे खांदे हलायला लागले. वेणूला वाटलं, रडतेय. पण सासू हसत होती. तोंडावर पदर घेऊन, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "अगं मग त्याला कळ्या कशा येतील? नुसतं खाऊन पिऊन लोळत पडला असेल मेला." मग ती एकदम थांबली. आपले हात तिनं पदराखालून काढले आणि उन्हात धरले, नवी बांगडी बघावी तसे. "म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही?"

"काही नाही," वेणू रडत म्हणाली. "माझंच चुकलं."

"तुझंच चुकलं," सासू म्हणाली, आणि इतक्या आनंदानं सुनेची चूक त्या गावात कुणी काढली नव्हती. मग तिला रागवायचं आठवलं. "आणि विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सांगितलं तेवढं कर."

तेवढ्यात माळ्यावरून सासऱ्यांचा आवाज आला. "लग्न झाल्यापासून मीही तेच ऐकतोय, पोरी. मला कुठे कारण कळलंय अजून?"

गोदाकाकूंच्या हातातली कात्री सासूनं हळूच काढून घेतली. फटाके न फुटल्यानं काकू जराशा हिरमुसल्या, पण त्या दिवशी देवळात सगळी हकिकत आपल्याला आधी सांगता येईल या आशेवर लगबगीनं निघाल्या. तीही आशा फुकट गेली. सासूच पुढे पोचली होती. जी भेटेल तिला सांगत होती, माझा हात शाबूत आहे हो, सुनेनं धुवण पाजलं मोगऱ्याला. गौरीच्या झोपाळ्याला त्या वर्षी आंब्याची पानं आणि मोगऱ्याचा तो माजलेला पाला बांधला. बायका हसल्या. गौर मात्र हिरव्या झोपाळ्यात बसून दर वर्षीसारखीच दिसत होती.

घरी आल्यावर सासूनं मोगऱ्याशी फतकल मारली आणि कात्री वेणूच्या हातात दिली. आता तू काप. वेणूचा हात पुढे जाईना. मग सासूनं जन्मात पहिल्यांदा कारण सांगितलं.

"हे बघ, पाणी रोज मिळालं की झाडाला वाटतं, चाललंय ते बरं चाललंय, पानं वाढवत बसू. जरा तहान लागली की त्याला आठवतं, आपल्याला फुलायचंही आहे. मारायचं नसतं गं त्याला. आठवण करून द्यायची असते. आणि मग वेळेवर पोटभर पाणी द्यायचं, ते विसरायचं नाही."

वेणूनं पानं काढली. ओरबाडली नाहीत, एक एक खुडली, म्हणून संध्याकाळ झाली. मग पुन्हा उन्हाचे, बिनपाण्याचे दिवस सुरू झाले. दुपारी तिचा हात तांब्याकडे जायचा. सासू डोळे मिटून ओटीवर पडलेली असायची, पण झोपलेली नसायची. ती म्हणायची, इकडे ये, माझ्याशी बोलत बस, तेवढाच तुझा हात गुंतेल. काय बोलू, वेणू म्हणाली, मोगऱ्याशी बोलायचे ते माहेरचंच. मोगऱ्याला सांगायचीस तेच मला सांग की. मी काय त्याच्यापेक्षा कमी ऐकते?

तेव्हापासून दुपारच्या वेळी ओटीवर नदीच्या गोष्टी चालायच्या. धाकट्या बहिणीच्या खोड्या ऐकून सासू हसायची आणि मधूनच विचारायची, मग पुढे काय झालं? मोगऱ्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

फक्त एक झालं. सासूला कारण सांगायची गोडी लागली. झाकण उलटं का ठेवायचं, केर पूर्वेकडून का काढायचा, मीठ शेवटी का, सगळ्याची कारणं. एकाची तीन तीन. वेणू एकदा दमून म्हणाली, आत्याबाई, नुसतं सांगा, करते मी. सासरे माळ्यावर इतके हसले की झाकणं खाली पडली.

मोगऱ्याला पाणी सुरू झालं. अक्षय्य तृतीया आली. गौर चैत्रभर माहेर भोगून आपल्या घरी निघून गेली. मोगरा तेव्हाही नुसत्या धुमाऱ्यांनी टोकदार दिसत होता, कळी नव्हती. वेणू खट्टू झाली. आणि गौर गेल्यावर काही दिवसांनी, सकाळी सडा घालायला ती बाहेर आली तर अंगणभर वास. फांदीच्या प्रत्येक टोकाला कळ्या, आणि त्यातली मूठभर फुलं उमललेली.

तिनं ती ओच्यात खुडली आणि सासूपुढे धरली. देवळात नेऊ का? कुणाला वाहू?

सासू फुलं बघत राहिली. या मोगऱ्याचं पहिलं फूल आजवर गौरीखेरीज कुणाच्या वाट्याला गेलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नाही.

"गौर तर गेली सासरी," ती म्हणाली. "बस खाली. पाठ कर इकडे."

तिनं केळीचा सोप फाडून त्याचा दोरा काढला, फुलं ओवली. गजरा वेडावाकडा झाला, कारण सुनेनं मान हलवली असं ती नंतर सांगत असे. खरं म्हणजे तिचे डोळे भरले होते आणि देठ दिसत नव्हते. मग तिनं वेणूच्या अंबाड्यावर तो माळला, दोन्ही हातांनी दाबून नीट बसवला.

"हलवू नकोस," ती म्हणाली. "का ते विचारू नकोस, आत्ता मला सांगता यायचं नाही."

वेणूनं विचारलं नाही. ती तशीच बसून राहिली, आणि ऊन पायरीवर चढून आलं तरी अंगण झाडायचं त्या दिवशी दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

तात्पर्य: आपली चूक आपण गिळली की तिचं अजीर्ण दुसऱ्याला होतं, म्हणून चुकलेल्यानं वेळेवर बोलावं, आणि जाणत्यानं कारण सांगायचा आळस करू नये.